गोळी घेतली होती, मग पुढचे दिवस सेफ का नव्हते?

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे, मित्र २४चा. दीड वर्ष आम्ही एकत्र आहोत. कंडोम वापरतो, पण दरवेळी नाही. गेल्या चार महिन्यांत मी तीनदा ७२ तासांची गोळी घेतली. या वेळी पाळीच्या बाराव्या दिवशी कंडोम फाटला (पैशांच्या पाकिटात बरेच दिवस होता, आणि कोरडं वाटत होतं म्हणून तेल लावलं होतं). चौदा तासांत गोळी घेतली. गोळी घेतलीच आहे तर हा महिना निभावला असं समजून सोळाव्या आणि एकोणिसाव्या दिवशी कंडोमशिवाय संबंध आले. दोन्ही वेळा त्याने वेळेवर बाहेर काढलं होतं. माझी पाळी २९ दिवसांनी येते, आज चौतिसावा दिवस आहे. परवा रात्री टेस्ट केली तेव्हा एकच रेघ होती. सकाळी तीच पट्टी पाहिली तर दुसरी फिकट रेघ दिसली. या गोळ्यांनी पुढे मूल व्हायला अडचण येते का? तो म्हणतो, कंडोममध्ये मजा नाही, तू रोजच्या गोळ्या सुरू कर. मैत्रीण म्हणते, गोळ्यांनी वजन वाढतं आणि तांबी मूल झाल्याशिवाय बसवत नाहीत. मला आत्ता मूल नको, पण पुढे कधीतरी हवंय. काय करू?

उत्तर : आधी आजचं बघू, बाकीचं नंतर.

सकाळी दिसलेली ती फिकट रेघ विसरून जा. पट्टीवरची लघवी वाळली की तिथे राखाडी, बिनरंगाची सावली उमटू शकते. पट्टी वाचायची ती सोबतच्या कागदावर दिलेल्या वेळेत, बहुतेक किटमध्ये तीन ते पाच मिनिटांत. दहा मिनिटांनंतर तिच्यावर काहीही दिसलं तरी त्याला अर्थ नाही. पण रात्रीची ती एक रेघही फारशी भरवशाची नव्हती. टेस्ट ज्या हार्मोनवर चालते ते गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यानंतरच तयार होऊ लागतं, आणि फलन झाल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस जातात. तुझा शेवटचा संबंध एकोणिसाव्या दिवसाचा, म्हणजे टेस्टच्या वेळी जेमतेम तेरा दिवस झाले होते. त्यात रात्रीची लघवी पाण्याने पातळ झालेली असते.

तेव्हा उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट कर. दोन रेघा आल्या तर उत्तर मिळालंच. एकच आली तर ते अर्धं उत्तर समज आणि शेवटच्या संबंधाला २१ दिवस पूर्ण होतील त्या दिवशी पुन्हा कर. म्हणजे आजपासून सहा दिवसांनी. त्या टेस्टलाही एकच रेघ आली तर त्या संबंधातून दिवस राहिलेले नाहीत असं मानायला हरकत नाही. पाळी तरीही लांबली तर डॉक्टरांना दाखव. ७२ तासांच्या गोळीने, म्हणजे आपत्कालीन गोळीने, त्या महिन्याची पाळी आठवडाभर पुढेमागे होऊ शकते, त्यामुळे चार-पाच दिवसांचा उशीर हा नुसता गोळीचाही असू शकतो. मधल्या काळात थोडं रक्त दिसलं तर लगेच ‘आली पाळी’ म्हणून सुटका मानू नकोस. नेहमीपेक्षा कमी किंवा वेगळं असेल तर टेस्ट करायचीच. आणि पोटात खाली एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं किंवा चक्कर येऊन पडायला होणं, यातलं काहीही झालं तर टेस्टची वाट न बघता इमर्जन्सीत जा. गर्भ नलिकेत अडकल्याची ती लक्षणं असतात.

टेस्ट पॉझिटिव्ह आलीच, तर पुढे काय करायचं हे ठरवणारी तू. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने आज तुझे पाच आठवडे भरत आलेत, म्हणजे विचाराला वेळ आहे, पण दिरंगाईला नाही. एक गोंधळ इथेच दूर करू. ७२ तासांची गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या ही दोन वेगवेगळी औषधं आहेत. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मग एक-दोन दिवसांच्या अंतराने मिसोप्रोस्टोल देतात, आणि त्याआधी किती आठवडे झालेत नि गर्भ गर्भाशयातच आहे ना, याची खात्री करतात. राहिलेला गर्भ पाडायला आपत्कालीन गोळी पुन्हा घेण्यात काहीच हशील नाही, ती त्यावर काम करत नाही.

आता तुझ्या हिशेबात घोटाळा कुठे झाला ते सांगतो, कारण तो फार जणींचा होतो. आपत्कालीन गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन १.५ मिलिग्रॅम असतं. ते एकच काम करतं, बीजकोशातून बीज बाहेर पडणं लांबवतं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. बीज यायला एवढा उशीर करायचा की वाट पाहणारे शुक्राणू संपून जावेत, असा हा डाव. तुझी पाळी २९ दिवसांची, म्हणजे बीज साधारण पंधराव्या दिवशी बाहेर पडत असणार. (पाळी यायच्या सुमारे १४ दिवस आधी. ‘पाळीनंतर चौदाव्या दिवशी’ हे सूत्र फक्त २८ दिवसांचं चक्र असणारीला जुळतं.) तू गोळी घेतलीस तेव्हा बारावा-तेरावा दिवस होता, वेळ चांगली साधलीस. गोळीने बीज काही दिवस पुढे ढकललं असेल. पण पुढे म्हणजे कुठे? सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या आसपास. एरवी ज्या दिवसांत धोका उतरणीला लागला असता, नेमके तेच दिवस गोळीमुळे धोक्याचे झाले. झालेल्या संबंधासाठी ती गोळी असते, पुढच्यांसाठी नाही. ती घेतल्यावर पुढची पाळी येईपर्यंत दरवेळी कंडोम, नाहीतर त्याच दिवसापासून नियमित साधन सुरू.

ती वापरताना आणखी काही गोष्टी बिघडतात. बीज बाहेर पडण्याचा आदेश मेंदूकडून सुटल्यावर घेतली तर ती जवळपास निकामी, म्हणून ७२ तासांची मुदत ही शेवटची बस आहे, निवांत वेळ नव्हे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. फिट्सची काही औषधं (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन) आणि टीबीवरचं रिफॅम्पिसिन तिचा असर कमी करतात. वजन ७० किलोच्या वर असेल तरी असर कमी पडू शकतो. अशा वेळी युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम ही दुसरी गोळी मिळत असेल तर बरी. ती १२० तासांपर्यंत चालते, फक्त तिच्यानंतर पाच दिवस हार्मोनची रोजची गोळी सुरू करायची नाही. फिट्सच्या किंवा टीबीच्या औषधांपुढे मात्र तीही कमी पडते. सगळ्यांत खात्रीचा आपत्कालीन उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी. हा अनेकींना माहीतच नसतो.

मूल व्हायला अडचण? नाही. चार महिन्यांत तीन गोळ्यांनी गर्भाशय खराब होत नाही, बीजंही संपत नाहीत. पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, डाग पडतात, आणि त्या उशिराने जिवाला घोर लागतो, एवढंच. या गोळीची खरी खोट वेगळी आहे. नेहमीचं साधन म्हणून ती लंगडी आहे.

आणि ‘वेळेवर बाहेर काढणं’? शंभर जोडप्यांनी वर्षभर फक्त याच्यावर विसंबून राहिलं तर साधारण २० जणींना दिवस राहतात. एकही चूक न करणाऱ्यांमध्ये चार. वीर्य येण्याआधी जो चिकट थेंब येतो त्यातही काहींच्या बाबतीत जिवंत शुक्राणू असतात, आणि तो थेंब त्याला स्वतःलाही कळत नाही. त्याच्या संयमावर शंका घ्यायची गरज नाही, हिशेबच पुरेसा आहे. कंडोमचा आकडा त्याच मापाने १३, आणि दरवेळी नीट वापरला तर २. तेरा आणि दोन यांच्यातलं अंतर कंपनीमुळे पडत नाही, ते वापरणाऱ्यांच्या हातात आहे.

तुमचा कंडोम का फाटला हे तू स्वतःच लिहिलंयस. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांनी लेटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. पाकिटातली ऊब आणि घासाघीस तर महिनोन्‌महिने चालू होती. यापुढे कोरडं वाटलं तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट, दुसरं काही नाही. वापरण्याआधी मुदत पाहा आणि पुडी बोटांत दाबून पाहा, आत हवेची उशी लागली पाहिजे. ती लागली नाही तर पुडीला कुठेतरी भोक आहे. कडेच्या दातेरी भागावरून फाडा, दाताने नाही. लिंग ताठ झाल्यावर आणि योनीला स्पर्श होण्याआधीच चढवायचा, अर्ध्यातून नव्हे. टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढायची आणि ती चिमूट न सोडता दुसऱ्या हाताने मुळापर्यंत उलगडायचा. टोकात जागा राहिली नाही तर वीर्याच्या दाबाने तिथेच फाटतो. उलगडत नसेल तर तो उलटा धरलाय. तसाच फिरवून घालू नका, टाकून द्या, कारण बाहेरच्या बाजूला थेंब लागलेला असतो. एकावर एक दोन घालणं हा शहाणपणा नाही, घासून दोन्ही फाटतात. वीर्य आल्यावर ताठरपणा जायच्या आत कंडोमची कड बोटांनी धरून बाहेर यायचं. आत निसटण्याचे प्रकार बहुधा इथेच होतात.

‘मजा नाही’ हे त्याचं म्हणणं आम्ही थापेबाजी म्हणून उडवून लावणार नाही. पण बऱ्याचदा तिथे साइज चुकलेली असते. सपाट ठेवलेल्या कंडोमची रुंदी पुडीवर मिलिमीटरमध्ये दिलेली असते आणि ती साधारण ४९ ते ५६च्या दरम्यान, काहींची त्याहून जास्त असते. घट्ट असला तर संवेदना जाते आणि फाटतो, सैल असला तर निसटतो. दोन-तीन साइज आणून त्याने एकट्याने घालून पाहाव्यात. चढवण्याआधी टोकाच्या आत ल्युब्रिकंटचा एकच थेंब टाकला तरी फरक जाणवतो. एकाहून जास्त टाकू नका, निसटेल.

आता रोजच्या गोळ्या. चांगल्या आहेत, पण त्या तू सुरू करायच्या त्या तुला सोयीच्या वाटतात म्हणून, त्याला कंडोम नकोय म्हणून नव्हे. त्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात, ब्लडप्रेशर (१४०/९० किंवा वर असेल तर या गोळ्या नकोत) आणि अर्धशिशी. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणं, हाताला किंवा ओठांना मुंग्या येणं असं तुला कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा अर्धशिशीत एकत्रित (दोन हार्मोनच्या) गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तरी त्या चालत नाहीत. एरवी गुठळीचा धोका किती? वर्षाला दर १० हजार स्त्रियांत गोळी न घेणाऱ्या सुमारे २, घेणाऱ्या ५ ते १२, आणि गरोदरपणात त्याहून जास्त. पोटरी एका बाजूने सुजली, दुखली, छातीत कळ आली, धाप लागली तर गोळी थांबवून तातडीने दाखवायचं, एवढं ध्यानात असलं की पुरे. वजनाबद्दल तुझ्या मैत्रिणीचं ऐकू नकोस. या गोळ्यांनी अंगावर चरबी चढते असं दिसलेलं नाही. पहिले दोन-तीन महिने थोडी मळमळ, छाती जड वाटणं, मधेच डाग पडणं हे मात्र होतं, आणि त्यालाच कंटाळून अनेक जणी अर्ध्यात सोडतात.

पाकिटात बहुधा २१ गोळ्या औषधाच्या आणि ७ बिनऔषधाच्या असतात. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलीस तर लगेच संरक्षण मिळतं. इतर कधीही सुरू केलीस तर पहिले सात दिवस कंडोम. एक राहिली तर आठवेल तेव्हा घे, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली लगेच घे, आधीच्या सोडून दे, पुढचे सात दिवस कंडोम वापर. आणि पाकिटात औषधाच्या सातपेक्षा कमी उरल्या असतील तर बिनऔषधाच्या टाळून थेट नवं पाकीट फोड. सगळ्यांत महाग पडते ती पाकिटाच्या अगदी सुरुवातीची किंवा शेवटची चूक. मधला सात दिवसांचा खंड तिने लांबतो आणि झोपलेला बीजकोश जागा होतो. नवीन पाकीट आणायला दोन दिवस उशीर झाला, यातूनच बरेच घोटाळे होतात. पहिल्या आठवड्यात अशा चुका झाल्या आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आलेला असेल, तर आपत्कालीन गोळी घ्यावी लागते.

तांबीबद्दल मैत्रिणीने सांगितलं ते जुनं झालं. मूल न झालेल्या मुलीला ती बसवता येते. ३८० प्रकारची तांबी १० वर्षं चालते आणि शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना वर्षात दिवस राहतात, कारण तिथे विसरायला काही नसतंच. काढली की लगेचच मूल राहू शकतं. तुझ्या ‘आत्ता नको, पुढे हवंय’ला हे साजेसं आहे. त्रासही सांगतो. बसवताना काही मिनिटं चांगलंच दुखतं, आधी वेदनाशामक घ्यावं. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त आणि दुखरी जाते. पहिल्या वर्षात साधारण वीसपैकी एकीची ती सरकून बाहेर येते, म्हणून पाळी संपल्यावर बोट घालून गर्भाशयाच्या तोंडाशी धागा लागतो का ते चाचपायचं. धागा नाही लागला, किंवा कडक टोक लागलं, तर दाखवेपर्यंत कंडोम. पाळी आधीपासूनच खूप जात असेल तर तांब्याऐवजी हार्मोनचं, गर्भाशयात बसवायचं साधन विचार. त्याने रक्तस्राव उलट कमी होतो. दंडात त्वचेखाली बसवायची काडी तीन वर्षं चालते, सगळ्यांत खात्रीची, पण डाग कधी पडतील याचा नेम नसतो. तीन महिन्यांच्या इंजेक्शनने मात्र काहींचं वजन खरंच वाढतं आणि सोडल्यावर बीज परतायला बरेच महिने लागू शकतात.

आमचा कल तांबी किंवा काडी, आणि सोबत कंडोम, असा आहे. रोजची गोळी तीनशे पासष्ट वेळा आठवावी लागते आणि तुमच्या घरात तूर्त ठरल्याप्रमाणे काही होत नाही, हे तुझ्या पत्रातच दिसतंय. पण शरीर तुझं. डाग पडण्याची चिडचिड नको वाटत असेल तर गोळीच तुझ्यासाठी योग्य.

सोबत कंडोम कशासाठी, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल. कारण गोळी, तांबी, काडी यांतलं काहीही संबंधांतून होणारे आजार अडवत नाही. क्लॅमिडिया या तशाच एका जंतुसंसर्गात बहुतेकींना काही जाणवत नाही, आणि तो आत मुरला तर गर्भनलिका खराब होतात. पुढे मूल व्हायला अडचण येण्याचं हे खरं कारण, आपत्कालीन गोळ्या नव्हेत. कंडोम सोडायचाच असेल तर आधी दोघांनीही तपासण्या करा. क्लॅमिडिया आणि गोनोऱ्हिया शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर दोन आठवड्यांनी कळतात, प्रयोगशाळेतली एचआयव्हीची अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट साधारण सहा आठवड्यांनी, सिफिलिससाठी तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) कंडोमने पूर्ण अडत नाही, त्वचेलाच लागून येतो. त्याची लस तुझ्या वयाला सहा महिन्यांत तीन डोसांची असते, आणि संबंध आलेले असले तरी ती घेण्यात फायदा आहे.

राहता राहिला तो. ‘कंडोम नसेल तर आज नको’ हे वाक्य पूर्ण आहे, त्याला पुढे ‘कारण’ जोडायची गरज नाही. कंडोम लावून हो म्हटलं म्हणजे कंडोमशिवायही हो, असं होत नाही, आणि मधेच गुपचूप काढणं ही फसवणूकच. हे संभाषण कपडे घातलेले असताना, दिवसाढवळ्या करा. आणि तो रुसला, ‘विश्वास नाही का’ म्हणाला, तर तेवढं चालतं. पण कंडोम मुद्दाम फाडणं, गोळ्या लपवणं, धमकी देणं असं कधी दिसलं तर ते डॉक्टरांना एकटीला भेटून सांग. अशा वेळी इंजेक्शन देता येतं, किंवा तांबीचा धागा आखूड कापता येतो, म्हणजे जोडीदाराला लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून ने: शेवटच्या पाळीची तारीख, तीनही गोळ्या घेतल्याच्या तारखा, चालू औषधं, अर्धशिशी आहे का, पाळी किती दिवस आणि किती जाते. तांबी किंवा काडी बसवायची तर दिवस राहिलेले नाहीत याची खात्री लागते, म्हणून भेटीची वेळ दुसऱ्या टेस्टनंतरची घे. तोवर कंडोम. पाकिटातला नाही, नवा.